बझरची वायर

जेवण बांगड्याच्या कढीचं झालंय, त्यामुळे डोळे मिटतायत यात माझा दोष नाही. होडी खाडीत काठाला बांधलेली आहे. मी फळीवर आडवा, हातात पक्कड. चार वाजता कोल्हापूरची मंडळी डॉल्फिन बघायला येणार आहेत, आणि इंजिन चालू केलं की बझर कोकलायला लागतो. मेकॅनिकने एक व्हिडिओ पूर्ण बघून निदान केलंय: बझरच जास्त हळवा आहे, वायर काप.

वायर पक्कडीत धरतो. पापणी पडते.

"खंयची वायर कापतंस रे?"

भिकाकाका इंजिनावर बसलेत, स्टुलावर बसावं तसे. हा माणूस वादळातून होड्या आणायचा. समुद्राने त्यांना हात लावला नाही. ते बारशाच्या पंगतीत गुलाबजाम घशात अडकून गेले. समुद्राला अजून याची लाज वाटते म्हणतात.

"बझरची," मी सांगतो. "सारखा बोंबलतो."

"कोणी सांगितल्यान?"

"मेकॅनिकने."

"तो! तेका सायकलची घंटी तरी वाजवूक येता काय?" काका पाण्यात थुंकतात. मेल्यावरही थुंकी येते, हे मला माहीत नव्हतं. "इंजिनाच्या मागसून पाण्याची धार येता?"

"येते. थेंब थेंब."

"म्हाताऱ्यासारखी?"

"तुमच्यासारखी."

काका मोठ्या तुच्छतेने बघतात. एवढ्यात होडी राहत नाही. आम्ही पंगतीत बसलोय. माझ्या शेजारी पाटावर इंजिन, पुढ्यात केळीचं पान. आई येऊन त्याला वाढते, आग्रह करते आणि गळ्यात झेंडूचा हार घालते. हार पार खाली, पाण्यात फिरणाऱ्या पंख्यापर्यंत लोंबतोय.

"ह्यो हार कोणी घातलो?"

"आईनेच. दसऱ्याच्या पूजेला."

"आणि तू काढूक नाय?"

"पूजेचा हार काढायचा नसतो, आई म्हणते. आपोआप गळू द्यायचा."

"गळलो! पाणी ओढूच्या जाळयेत जाऊन गळलो! इंजिनाक पाणी मिळणा नाय, म्हणान ता तापता, म्हणान बझर बोंबलता. आणि हो शाणो बझराचो गळो कापता."

इंजिन पाटावरून कोकलायला लागतं. वाढपी त्याला अजून भात वाढतात.

"खाडीच्या तोंडार लाटा फुटतत," काका म्हणतात. "थंय इंजिन जाम झाला की होडी आडवी. मगे कोल्हापूरवाले डॉल्फिन बघतीत. खालसून."

"काका, चार वाजता माणसं येणार. इंजिन उघडत बसू?"

काका पानाकडे वळतात. त्यांच्या पानात गुलाबजाम आहे. ते तो उचलतात, तोंडात टाकतात आणि त्यांचे डोळे मोठे होतात. घशातून शिटी येते. बारीक, लांब, एकाच सुरातली. मी तो आवाज ओळखतो. सकाळपासून तोच ऐकतोय.

पंगत हसते. कोणीतरी म्हणतं, काका रंगात आले. दुसरा कोणीतरी डीजेवाल्याला खूण करतो, आणि तो आवाज वाढवतो.

"असाच झाला," काका माझ्या कानात म्हणतात, घसा भरलेला असतानाही अगदी स्पष्ट. "मीया बोंबलत होतंय. तुमी डीजे वाढवलात. तुमच्या खानदानाक आवाज बंद करूचा बरा जमता. अडाकला काय ता कोण बघूचा नाय."

ते माझ्या हातातली पक्कड ओढून घेतात, पाकात बुडवतात, घशात घालायला जातात—

"ओ होडीवाले!" काठावरून हाक येते. कोल्हापूर लवकर आलंय. गॉगल, टोप्या, एक तान्हं बाळ.

मी उठून बसतो. वायर शाबूत आहे. "जरा थांबा," मी ओरडतो आणि इंजिन पाण्यातून वर उचलतो. जाळीत झेंडूचा लगदा, त्यात हाराचा दोरा घट्ट गुंडाळलेला. बोटांनी निघत नाही.

पक्कड घ्यायला वळतो. ती फळीवरच आहे. तिच्यावर मुंग्यांची रांग.

मी तिला जीभ लावून बघतो. पाक. वेलची जरा जास्तच पडलीय.