व्हिडिओतली उडी

मी दुसरा कंप्युटर मागितला तेव्हा ऑफिसात कोणालाच नवल वाटलं नाही. तोवर माझी तक्रार सगळ्यांना पाठ झाली होती. एडिटिंग करताना माझा व्हिडिओ मध्येच उडी मारायचा.

बेंगळुरूच्या कोरमंगलातल्या एका लहान कंपनीत मी शाळेच्या मुलांसाठी धड्यांचे व्हिडिओ एडिट करते. नागपूर सोडून इथे येऊन मला सात वर्षं झाली. काम तसं साधं. शिक्षिका फळ्यासमोर अपूर्णांक शिकवते, मी तिचे अडखळलेले शब्द कापते, आकृत्या बसवते आणि पुन्हा पुन्हा चालवून बघते. चालवताना असं व्हायचं की ती "छेद सारखे करून घ्या" म्हणत फळ्याकडे वळली आणि पुढच्या क्षणी पूर्ण सोडवलेल्या गणितापुढे माझ्याकडे तोंड करून उभी. मधला भाग गायब. मागे नेऊन पुन्हा लावलं की सगळं जागच्या जागी.

कंप्युटरला भार झेपला नाही की तो फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, गाळतो, हे या कामातल्या कुणालाही माहीत असतं. मी ठरलेले उपाय सुरू केले. बघताना दिसणाऱ्या चित्राचा दर्जा आधी निम्मा केला, मग पाव. साठलेल्या तात्पुरत्या फायली पुसल्या. मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करून पाहिलं. फोनवर शूट केलेल्या व्हिडिओत फ्रेमचा वेग कमीजास्त होतो, म्हणून ते सगळे एका वेगाचे करून घेतले. प्रत्येक उपायानंतर एक-दोन दिवस बरे जायचे. मला वाटायचं, सापडलं एकदाचं. मग एखाद्या दुपारी शिक्षिका पुन्हा एकदम फळ्याच्या दुसऱ्या टोकाला.

ऑफिसातले कंप्युटर बघणारे गृहस्थ शांत स्वभावाचे होते. मी दर वेळी त्यांना मेल करायची, कुठला व्हिडिओ, किती वाजता, कुठल्या वाक्यावर. ते येऊन शेजारी उभे राहायचे आणि त्यांच्यासमोर व्हिडिओ सुरळीत चालायचा. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, मशीन में कुछ नहीं है." मला ते फार लागलं. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हटलं की तुम्हाला काम टाळायचंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नवा कंप्युटर लावून दिला आणि माझा जुना पलीकडच्या टेबलावरच्या मुलीला दिला. तिला कधीच काही अडचण आली नाही. मला तिसऱ्याच दिवशी आली.

त्यानंतर मी एक मोठी चूक केली. एका धड्यात मूळ शूटिंगमध्येच गणिताची एक पायरी राहून गेली आहे असं खात्रीनं सांगून मी शिक्षिकेला पुन्हा शूटिंगला बोलावलं. ती आली, जुना व्हिडिओ बघितला, आणि म्हणाली, "पायरी आहे की यात." होती. आमच्या प्रमुखांनी मला फक्त एवढंच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

आमच्या टीममध्ये एक वयानं मोठ्या बाई आहेत, सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूतच आहे, त्या मल्लेश्वरमहून येतात. घरी मराठी बोलतात, पण कानडी मिसळलेली. त्या दुपारी खुर्ची ओढून त्या माझ्याजवळ बसल्या.

"लाव बघू. मी इथेच बसते. स्वल्प वेळ लागला तरी चालेल."

तासभर काही झालं नाही. मग झालं. मी म्हटलं, "बघा अक्का, आत्ता उडी मारली."

त्यांच्या हातात फोन होता. कंप्युटरवर उडी दिसली तर पुरावा असावा म्हणून त्या मघापासून शूट करत होत्या. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

त्यात मी होते. पडद्यावर शिक्षिका सावकाश, एकही फ्रेम न गाळता, छेद सारखे करत होती. माझे डोळे उघडे होते पण तिच्याकडे नव्हते. तोंडात काही असल्यासारखे ओठ हलत होते, आणि उजव्या हाताची बोटं कुर्त्याची कड चोळत होती. अक्कांचा आवाज दोनदा येतो. "अगं. अगं, ऐकतेस?" मग मी पापण्या मिटते आणि म्हणते, "बघा अक्का, आत्ता उडी मारली."

मी आधी काय म्हणाले ते सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, "तुमचा फोन अडकला असेल."

"नाही गं," त्या म्हणाल्या. "चल, आता घरी एकटी जाऊ नको. सरी? ठीक?"

माझी स्कूटर खाली उभी होती. त्या सगळ्या आठवड्यांत मी रोज महादेवपुऱ्याहून ऑफिसला आणि परत तीच चालवत आले होते. रिंग रोडवर किती वेळा माझे असे क्षण गेले असतील, कुणाच्या किती जवळून मी गेले असेन, हे मला कधीच कळणार नाही. झोपताना अजून तेच डोक्यात येतं.

डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून, किती वेळा. मग सोबत आलेल्या अक्कांनी त्या मेलची आठवण करून दिली. मी कंप्युटरविरुद्ध लिहिलेली प्रत्येक तक्रार, तारीख आणि वेळेसह, डॉक्टरांनी चष्मा वर करून सावकाश वाचली. हे फिटचेच प्रकार आहेत, माणूस न पडताही फिट येते, म्हणाले. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. स्कूटर चालवायची नाही, ते सांगतील तोवर. कंप्युटर बघणाऱ्या त्या गृहस्थांकडे जाऊन मी माफी मागितली. ते म्हणाले, "तबियत का खयाल रखिए," आणि घाईनं दुसऱ्या कामाला लागले. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

आईला सांगायला तीन आठवडे लावले. फोनवर ती हळू आवाजात म्हणाली, "मिरगी म्हणतात तीच का? कोणाले सांगू नको." मी रागानं फोन ठेवला. चौथ्या दिवशी ती नागपूरहून बॅग घेऊन दारात उभी होती.

डॉक्टर दर भेटीत विचारतात, मधल्या काळात काही झालं का. मी "नाही" म्हणते. मला निदान तसं वाटतं. खरं म्हणजे ज्याला होतं त्याला ते दिसत नाही.

मी घरून काम करते त्या दिवशी आई स्वयंपाकघरातून मला सारखं काहीतरी विचारत राहते. साखर कुठे आहे, चाळणी कुठे ठेवली, दूधवाला किती वाजता येतो. माझं उत्तर आलं की भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू होतो. तिला इथे येऊन दोन महिने झालेत, तिला सगळं माहीत आहे. काल हळदीचा डबा हातात धरून तिनं विचारलं, "हळद कुठं ठेवतेस वं?"

"वरच्या फळीवर," मी सांगितलं.