रविवारचा जनरेटर

उन्मेष वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगून टाकते. वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळं तरी होता आलं असतं. पंचाईत ही की तो गुणी आहे, आणि गुणी मुलापुढे आईला काही बोलताच येत नाही.

त्याची आई म्हणजे आमच्या मंडळातल्या प्रेमलताबाई खांबेटे. बेहालाच्या एका गल्लीत, दुमजली घरात एकट्या राहतात. त्यांचे यजमान श्यामसुंदर सरकारी बदलीवर कलकत्त्याला आले आणि निवृत्तीनंतर इथेच रमले. त्यांना कुठलंही काम अर्धवट ठेवलेलं खपायचं नाही. गच्चीवर सोलर बसवलं, जिन्याखाली बॅटऱ्या ठेवल्या आणि तरी समाधान होईना. चार दिवस ढग राहिले आणि त्यातच गल्लीतली वीज गेली तर? म्हणून मागच्या अंगणात डिझेलचा जनरेटर आणला. "सूर्य म्हणजे बदलीची ऑर्डर आहे," म्हणायचे, "हातात पडेल तेव्हा खरी." असा सगळा बंदोबस्त करून ते गेले. घरात वीज मुबलक, बोलायला माणूस नाही.

सोलर बिचारं कुणाकडे काही मागत नाही. गच्चीवर गप्प पडून असतं, कामवाली अधूनमधून फडकं मारते, संपलं. जनरेटरचं तसं नाही. नुसता ठेवून दिला तर ऐन वेळी दगा देतो. त्याला अधूनमधून अर्धा तास चालवावंच लागतं, आणि ते हँडल फिरवणं सत्तरीच्या बाईचं काम नव्हे, असं घरात ठरलेलं होतं. म्हणून दर रविवारी उन्मेष न्यू टाउनहून यायचा. शहर एकच, पण या टोकाहून त्या टोकाला यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. तरी यायचा. जनरेटर सुरू करायचा, आणि चालू इंजिन टाकून निघायचं नाही ही वडिलांची शिस्त, म्हणून स्वयंपाकघरात येऊन बसायचा.

हा अर्धा तास प्रेमलताबाईंचा. तव्यावर थालीपीठ, ताटात लोण्याचा गोळा. मागे तो जनरेटर असा ओरडत असायचा की समोरासमोर बसून एकाचं दुसऱ्याला ऐकू जायचं नाही.

"मीठ कमी आहे का रे?"

"हो, मीटिंग आहे उद्या!"

बाईंना तेवढंही पुरायचं. जेवणारं तोंड समोर असलं की बोलण्यावाचून अडत नाही.

"तुला म्हणून सांगते," एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, "मला येतो तो सुरू करायला. ह्यांनी शिकवला होता. बाजूचं लिव्हर उचललं की हँडल हलकं जातं."

"मग उन्मेषला कशाला एवढ्या लांबून..." मी बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या अकलेची कीव येत असावी.

मग उन्मेषला काळजीने ग्रासलं. वादळात रस्ते बंद झाले आणि आपण पोचू शकलो नाही तर आई अंधारात राहील! त्याने माणूस आणून जनरेटरला ऑटो-स्टार्ट बसवून घेतलं. वीज जाऊन बॅटऱ्या उतरल्या की जनरेटर आपोआप सुरू, रविवारी अकराला अर्धा तास आपोआप चालून आपोआप बंद, आणि उन्मेषला सगळं मोबाइलवर दिसणार. लहानपणी बक्षीस मिळालं की सांगायचा तशा उत्साहाने त्याने हे सांगितलं. "छान केलंस हो," आई म्हणाली. मला राग येतो तो याचाच. तेव्हाच म्हणायचं होतं, की मला वीज नको, तू हवा आहेस. पण आमच्या बायका मुलाला तीनदा वाढतील, स्वतःसाठी एकदा मागणार नाहीत.

पुढच्या रविवारी अकराला जनरेटर आपसूक गरजला. बाईंनी सवयीने पीठ भिजवलं होतं. फोन आला. "आई, मला इथे दिसतंय, मस्त चाललाय!" त्यानंतर तो यायचा राहिलाच. पुढच्या रविवारी नक्की, असं दर रविवारी म्हणायचा.

बाईंनी एक डाव टाकून पाहिला. शनिवारी जाऊन ऑटो-स्टार्टच्या नव्या पेटीचा खटका पाडून आल्या. तिकडे मोबाइलवर लाल खूण उमटली, आणि रविवारी सकाळी दारात मेकॅनिक हजर. त्याने खटका वर केला. थालीपीठ त्यालाच वाढलं. "दारुण, माशिमा!" म्हणाला. म्हणजे फक्कड, मावशी; खरंच आवडलं होतं त्याला. तो गेल्यावर त्या ओट्याशी उभ्या राहून रडल्या.

आणि मग वैशाखातली ती संध्याकाळ. तीन दिवस आभाळ भरलेलं, बॅटऱ्या आधीच अर्धमेल्या. वादळ आलं, गल्ली काळी झाली, थोड्या वेळाने घरातलेही दिवे गेले. बाई खुर्चीत बसून राहिल्या. मागे जनरेटर धडधडला, फाटकावरचा दिवा लागला आणि बाहेरून आवाज आला, "आलो! आलो!"

बंगालीत आलो म्हणजे उजेड. जन्म गेला त्यांचा इथे, बाजारात मासेवाल्याशी बंगालीत भांडतात. पण त्या क्षणी त्यांच्या कानांनी मराठीच ऐकलं. "आले रे, आले," म्हणत त्या धावल्या, कडी काढली. फाटकापाशी दिव्याखाली शेजारची पोरं उड्या मारत होती.

फोन वाजला. "आई, लाइट आला ना?"

"आला," त्या म्हणाल्या. दार तसंच उघडं होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मागितलं. "उन्मेष, तू ये ना रे."

"का? काय झालं?" तो घाबरला. मग मोबाइलवर बघून हसला असावा. "नाही गं आई, सगळं ठीक दिसतंय इथे."