लाल अंगठा आणि उस्मानमिस्त्रीची मूठ

स्वारगेटहून एसटी हलली तेव्हा माझ्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत लोखंडाचं एक वाकडं हँडल. शेजारचे गृहस्थ पार साताऱ्यापर्यंत त्या पिशवीकडे संशयाने बघत होते. शेवटी मीच उलगडा केला. शेतातलं डिझेल इंजिन या हँडलने फिरवून चालू करायचं असतं. कधीकधी इंजिन पुढे जायच्या ऐवजी झटक्याने मागे फिरतं. त्या वेळी अंगठा दांडीभोवती वळवलेला असला, तर हँडल हातातून सुटत नाही आणि मनगट मोडतं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला, तर हँडल नुसतं उडून पडतं.

"मग हे लोकांना सांगत का नाही?" गृहस्थांनी विचारलं.

सांगितलं होतं! ही इंजिनं बनवणाऱ्या पुण्याच्या कारखान्यात मी ड्रॉइंग काढायचो; या हँडलचंही माझंच. वाचता न येणाऱ्यांनाही कळावं म्हणून इंजिनावर लावायची एक पाटी मी मुद्दाम बिनशब्दांची काढली होती. दांडी धरलेली काळी मूठ आणि दांडीभोवती वळलेला लालभडक अंगठा. लाल म्हणजे धोका. त्या पाटीचा मला केवढा अभिमान! तरीही शिरोळकडून पत्र आलं, की एका बाईंचं उजवं मनगट मोडलं. साहेबांनी पत्र माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, "जाऊन बघा."

कोल्हापुरात उतरलो तेव्हा ऊन कलत आलं होतं आणि हवेला गुळाचा वास होता. स्टँडजवळ मिसळ मागवली. "तिखट चालंल न्हवं, पावणं (पाहुणे)?" मालकाने विचारलं. पुणेकराने नाही कसं म्हणावं? पुढची दहा मिनिटं मी रडत रडत खाल्लं. मालकाने न मागता दह्याची वाटी आणून ठेवली, आणि वर हसलाही.

सकाळच्या गाडीने शिरोळ गाठलं. दोन्ही बाजूंना ऊस इतका उंच, की रस्ता म्हणजे भिंतींमधली बोळ वाटावी. मनगट मोडलेल्या त्या अक्काताईंचा मळा कृष्णेच्या अंगाला होता. पन्नाशीच्या, नवरा गेलेल्या या जैन बाई चार वर्षं एकट्या मळा करत होत्या. प्लॅस्टर काढून महिना झाला होता, पण त्या इंजिनाजवळ जात नव्हत्या. धाकटे दीर बांधावर उभे होते. ते मला म्हणाले, "बरं झालं आलासा. इंजिन परत घेऊन जावा. मळा आता दुसऱ्याला वाट्यानं देणार हाय. बाईमाणसाचं काम न्हवं हे."

अक्काताईंनी मनगट पदराखाली घेतलं.

"तुम्ही पाटी बघितली नव्हती का?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"बघितलो की! बघूनच तर अंगठा ठिवलो." (इकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात.)

"म्हणजे?"

"तलाठ्याच्या वहीत वरच्याचा अंगठा उमटलेला असतोय, त्येच्याखाली आपला लावायचा. जिथं अंगठा दिसतोय तिथंच अंगठा लावायचा असतोय न्हवं? तुमी तर लाल रंगानं दावलासा. मी म्हटलो, हितंच घट्ट धरायचं. धरलो, आन् हात मोडला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर तो रंगवून दाखवला होता. बाईंनी माझं ऐकलं होतं, म्हणून त्यांचं मनगट मोडलं होतं.

"चार दिवस थांबा," मी दिरांना म्हणालो. काय करणार होतो, ते मलाही ठाऊक नव्हतं.

कोल्हापूरला परत येऊन उद्यमनगरात शिरलो. गल्लीगल्लीत लेथ घरघरत होते. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करतात, त्याला पॅटर्न म्हणतात. तसे नमुने करणाऱ्या उस्मानमिस्त्रींच्या दुकानात मला कुणीतरी धाडलं. भिंतीभर लाकडी चाकं आणि पुल्या टांगलेल्या, खाली भुश्शाची गादी. साठीच्या मिस्त्रींनी सगळी हकीकत ऐकली आणि माझं हँडल हातात घेऊन उलटसुलट केलं.

"हे काढताना हात कुणाचा धरला हुता?"

"हात? कागदावर काढलं."

"डोळं मिटा."

मी मिटले. त्यांनी माझ्या हातात हँडल दिलं. "आता उघडा."

माझा अंगठा दांडीभोवती गच्च वळला होता. सगळं ठाऊक असलेला, पाटी काढणारा माझाच अंगठा! मिस्त्री मोठ्याने हसले. "बारीक गोल दांडी घावली की अंगठा मिठी मारणारच. त्येचा काय गुन्हा? पाटीला काय इचारताय? हाताला इचारा की."

त्यांनी बाभळीचा एक ठोकळा घेतला आणि दांडीवर बसेल अशी जाड, फिरती मूठ तासायला बसले. अंगठा वळून जिथे येईल तिथे त्यांनी एक उंच कड ठेवली, आणि तर्जनीच्या शेजारी उथळशी खोबण कोरली. मग चक्क दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायला लागले. "पावणं, जरा धरा की!"

हमाल आले, बोहारीण आली, पितळी कडं घातलेला एक पैलवान आला. कुणालाही काही सांगायचं नाही, फक्त त्याचा अंगठा बघायचा. तो वळला की मिस्त्री मूठ परत घेत, दोनदा कानस फिरवत आणि पुन्हा पायरीवर. असं दोन दिवस चाललं. हळूहळू माझ्या डोळ्यांदेखत माणसं बदलावीत तसे अंगठे बदलत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जो येईल त्याचा अंगठा सरळ खोबणीत जाऊन बसे, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसे. मी इतकी वर्षं ड्रॉइंग काढली, पण असं काही कधी पाहिलं नव्हतं. त्या भुश्शात त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पडलोही.

"उठा वो," ते म्हणाले. "आजून त्या बाईचा हात कुठं बघितलाय?"

तेही माझ्याबरोबर शिरोळला आले. वाटेत मला दम दिला, "त्यास्नी काय बी सांगायचं न्हाय. तोंडाला कुलूप."

अक्काताई बराच वेळ इंजिनासमोर उभ्या राहिल्या. दीर हाताची घडी घालून बघत होते. मग बाईंनी पदर खोचला आणि मूठ धरली. माझी नजर त्यांच्या अंगठ्यावरून हलेना. तो क्षणभर घुटमळला, कडेला टेकला, मागे आला आणि तर्जनीशेजारी जाऊन बसला.

त्यांनी जोर केला, आणि इंजिन उलटं फिरलं.

फाडकन आवाज झाला. हँडल त्यांच्या हातातून सुटून पाटातल्या चिखलात जाऊन पडलं. अक्काताईंनी हात डोळ्यांसमोर धरून बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"उडालं की वो नुसतं!" त्या म्हणाल्या.

दिरांनी पुढे होऊन चिखलातलं हँडल उचललं. अक्काताईंनी ते त्यांच्याकडून काढून घेतलं, पदराने पुसलं आणि दुसऱ्यांदा फिरवलं. इंजिन धडधडलं, पाइपातून आधी हवा आणि मग भसकन पाणी आलं. तेव्हा त्या दिरांकडे वळल्या.

"भावजी, पाटातनं भाईर या. पाणी येतंय."

दीर बाजूला झाले. मळा वाट्याने देण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. जैनांच्या रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत आम्हाला जेवायला बसवलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि काकवी. अक्काताई उजव्या हाताने वाढत होत्या.

ती मूठ अक्काताईंच्या इंजिनालाच राहिली; मी पुण्याला परतलो ते मिस्त्रींनी केलेली तशीच दुसरी बाभळीची मूठ पिशवीत घेऊन. एसटीत बसल्या बसल्या मी खिडकीची कडी, डब्याचं झाकण, छत्रीचा दांडा असं काय काय धरून बघत होतो. यातलं किती कुणीतरी हाताला विचारून केलं असेल आणि किती माझ्यासारख्याने कागदावर? लोकांना अंगठेबहाद्दर म्हणून हसणारा मी, मला साधा अंगठा वाचता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मूठ लावलेलं हँडल साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ते त्यांनी उचललं, दोनदा हवेत फिरवलं आणि विचारलं, "ठीक आहे. पण पाटीवर आता काय काढायचं?"

मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. तो खोबणीत बसला होता.

"काही नाही," मी म्हणालो.