नातीचा बायोडाटा परत मागताना

फोन वाजला की आता मी आधी बसून घेते. गुडघ्यांमुळं म्हणा, सवयीमुळं म्हणा. पलीकडून कुणीतरी विचारतं, "मुलीचे आजोबा आहेत का?" मी सांगते, "आजोबा वर गेले, आजी आहे. पण मुलगी दिली हो. दीड वर्ष झालं लग्नाला." तर तो माणूस म्हणतो, "अहो, बायोडाटा तर कालच आला!"

कुणाला ना कुणाला तो रोज कालच आलेला असतो.

चूक माझी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचणं-लिहिणं माझं मीच शिकले, आणि म्हातारपणी फोनही तसाच शिकले. त्याचा तोराच होता मला. नातीचं लग्न काढलं तेव्हा वसमतहून छापून आणलेला तिचा बायोडाटा मीच समाजाच्या ग्रुपवर टाकला. वर गणपती, खाली फोटो, जन्मवेळ, उंची, शिक्षण, मामाचं गाव, शेती किती, आणि शेवटी दोन नंबर: तिचा आणि माझा. चहा संपायच्या आत तो परभणी-नांदेडपर्यंत पोचला. मला वाटलं, काय काम केलं मी!

आमच्या वेळी फोटो एकच निघायचा. मी शेजारणीचं पातळ नेसून काढला होता. जमलं नाही तर फोटो परत द्यायचा, असा मध्यस्थाचा शब्दच असायचा. माझा तीन घरं फिरून आला. कोपऱ्यावर कुणाचं तरी हळदीचं बोट उमटलेलं, पण आला.

नात पुसेगावकडं दिली. लग्नानंतर तिनं नंबर बदलला, माझा तोच राहिला. गेल्या महिन्यात शेजारणीच्या फोनवरून तिचा फोन आला. आवाज रडका. सासूबाई धाकट्या मुलासाठी मुली बघत होत्या, अन् त्यांच्याच फोनवर त्यांच्याच सुनेचा बायोडाटा येऊन पडला. चारचौघींत बोलल्या, "आमच्या घरात राहून दुसरं घर पाहून राहिलीस का गं?" नातीचा फोन काढून कपाटात ठेवला. आठ दिवस झाले, नवराही गप्प.

मी आधी वसमतला पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या बाई समजूतदार होत्या.

"आजी, कायदा आहे. कंपनी असो, ऑफिस असो, माझी माहिती पुसा म्हणून सांगता येतं. पण हे तर घरोघरच्या फोनात गेलंय. कुणाकुणाला धरणार? अन् टाकताना परवानगी कुणाची होती?"

"माझीच की."

"नातीला विचारलं होतं?"

साडी कोणती नेसायची, एवढं विचारलं होतं.

बाईंनी सांगितलं तसं ग्रुपवाल्याला लिहिलं. त्यानं बायोडाटा लगेच काढला, वर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पण पुढं गेलेलं त्याच्या तरी हातात कुठं होतं?

मग आमच्या हट्टा गावाहून दोन एसट्या बदलून पुसेगाव. पोचेपर्यंत अंगात जीव नव्हता. विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, तोंड मात्र दुसरीकडं.

मी पाण्याला हात लावला नाही. म्हणलं, "इहीणबाई, तो कागद मी टाकलेला. लग्नाच्या आधी. लेकराला म्हाईतबी न्हाई."

"मग माझ्याकडं आत्ता काहून आला?"

"फिरून राहिला अजून. मलाबी फोन येतात रोज."

"दाखवा."

मी फोन दिला. त्यांनी तो लांब धरून नंबर पाहिले. "हा कालचा कोण?"

"नांदेडकडचा. मुलगा शिक्षक हाय म्हणे. मुलगी दिली हे सांगायच्या आतच फोन तुटला."

"लावा."

मी लावला तसा त्यांनी हातातून ओढून घेतला. पलीकडून आवाज आला, "बोला आजी, झाला का काही विचार?"

"आजी न्हाई, पोरीची सासू बोलून राहिले! पोरगी माझ्या घरात नांदून राहिली. तो कागद पुसा फोनातून. अन् ज्यानं धाडला त्यालाबी पुसाय लावा!"

मग तो बिचारा म्हणाला, "बरं बरं, पुसतो. ताई, तुमच्या पाहण्यात दुसरी एखादी मुलगी?"

"असती तर माझ्या धाकट्याला केली नसती का?"

दाराआड नात तोंडाला पदर लावून हसत होती. विहीणबाईंनी तिच्याकडं पाहिलं, हसू आवरलं. उठून कपाट उघडलं आणि फोन तिच्या हातावर ठेवला. "घे. अन् आजीला चहा टाक. पाणीबी प्याल्या न्हाईत अजून."

निघताना मला म्हणाल्या, "इहीणबाई, धाकट्याचा बी कागद तयार हाय. तुमचा हात बसलेला, तेवढा ग्रुपवर टाकून देता का?"

"त्याला इचारलं का?"

"त्याला काय इचारायचं?"

"इचारा आधी," मी म्हणलं, आणि चप्पल घातली.

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकलं तोच फोन वाजला. नंबर अनोळखी. मी बसलेलीच होते. उचलला.