एका श्वासात एक शब्द

आमच्या घरात बोलायचं खातं बायकोकडे होतं. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत कोणाचं कोणाशी बिनसलं, हे त्या दोघांच्या आधी हिला कळायचं. मी नुसता ‘हं’ म्हणायचो.

लघवीचा जंतुसंसर्ग रक्तात पसरला म्हणून तिला परळच्या इस्पितळात आयसीयूत ठेवलं आणि दोन्ही किडन्या बंद पडल्या. पडल्यापडल्याच ती चार जिने चढून आल्यासारखी धापा टाकत होती. मला वाटलं, फुप्फुसंही गेली.

“फुप्फुसं चांगली आहेत, काका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “किडनी रक्तातलं अ‍ॅसिड बाहेर टाकत नाहीये, म्हणून श्वास जोरात चाललाय, तेवढंच ते कमी होतं. पण हे फार वेळ झेपणार नाही. डायलिसिस सुरू करतोय. त्यांना बोलायला लावू नका, दमतील.”

हिला बोलायला लावू नका! मला हसू आलं आणि लगेच रडू.

आम्हाला मूलबाळ नाही. भेटीच्या वेळी आत जाणारा मी एकटाच. म्हणून मग दिवसभर गॅलरीत, मासळीबाजारात कान टवकारून फिरायचो आणि संध्याकाळी तिला सांगायचो. एकदा म्हटलं, “शेजारच्या पोराचं लग्न ठरलं गं.” त्याच्या लग्नाची काळजी त्याच्या आईपेक्षा हिलाच जास्त. तिने डोळे उघडले. दोन धापांच्या मध्ये एकच शब्द काढला.

“कोणाशी?”

मी विचारलंच नव्हतं. तिने कपाळाला आठी घातली, अगदी घरच्यासारखी.

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या दारात जाऊन उभा राहिलो. “अगो बाय माझे, तुमी इचारतास?” म्हणत तिने सगळं सांगितलं. मुलगी दादरची, ख्रिश्चन, बँकेत आहे, हसते फार, बांगड्याचं झणझणीत तिखलं करायला आत्ताच शिकून घेतलंय.

संध्याकाळी आत गेलो तर श्वास संथ होता. घशात नळी घातली होती, श्वास आता यंत्र देत होतं. “दमल्या त्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी कानाशी वाकून सगळं सांगितलं, तिखल्यासकट. वेळ संपली तरी नर्सने मला उठवलं नाही. हिने ऐकलं की नाही, देव जाणे. पहाटे गेली.

ती मुलगी आता शेजारीच नांदते. जातायेता विचारते, “काका, जेवलात?” मी ‘हं’ म्हणतो. घरातली ही शांतता मला सोसत नाही. आत येऊन दार लावतो आणि ती कोण, कुठली, सगळं पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने सांगतो.