कौसाबाईंची लिंक

"संदर्भांत एकही लिंक नाही," परीक्षक म्हणाले. "हा प्रकल्प पुढं जाणार नाही."

सावेडीतल्या एका शाळेत इतिहास प्रकल्पांची निवड चालू होती. निवडलेले प्रकल्प जिल्हा प्रदर्शनात जाणार होते. माझी नववीतली विद्यार्थिनी राणी चार्टशेजारी उभी होती. मी सुप्याजवळच्या शाळेत तिला इतिहास शिकवतो.

तिचा विषय होता, एमआयडीसीखाली गेलेल्या शेतांची नावं. आमच्याकडं प्रत्येक शेताला नाव असतं. बोरीची पट्टी, खडकाळी, जोगतिणीचं वावर. आता तिथं शेड आहेत आणि प्लॉट नंबर आहेत. त्या शेतांत राबलेल्या बायकांकडं राणी सुट्टीत गेली. मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. तीन बायकांनी वेगवेगळ्या भेटीत एकच नाव सांगितलं, तरच ते नकाशावर घेतलं. याला मौखिक साधन म्हणतात. म्हणजे कागदावर नसलेला, माणसाच्या तोंडून मिळालेला पुरावा. ही माझी कल्पना नाही. शाळेच्या पाठ्यपुस्तकात छापलेली आहे.

मी तेच सांगितलं.

"सर, पाठ्यपुस्तक वेगळं, नियम वेगळा. तीन ऑनलाइन संदर्भ पाहिजेत. आणि संदर्भांत लिहिलेली ही कौसाबाई कोण?"

"आमच्या शेजारची मावशी हाय," राणी म्हणाली. "तिचंच वावर हुतं तिथं. फोन लावू का? लई बोलती ती."

परीक्षक हसले. "अगं बाळ, असं कुणीही काहीही सांगेल."

"म्हणून तर तिघींना इचारलं, सर."

शेजारच्या टेबलावर भुईकोट किल्ला होता. तो प्रकल्प एका वेबसाइटवरून जसाच्या तसा उतरवलेला. 'अधिक वाचा' हे शब्दसुद्धा सुवाच्य अक्षरात चार्टवर आले होते. त्याची निवड झाली. त्या मुलावर माझा राग नाही. किल्ला रिक्षाच्या अंतरावर आहे आणि त्याला तिथं कुणी नेलं नव्हतं. राग आहे तो नुसत्या रकान्यांवर टिक करणाऱ्यांवर.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत लिंका आणा," परीक्षकांनी मेहेरबानी केली.

मी जिन्यात बसून मोबाईलवर फुकटचा ब्लॉग उघडला. तिघींची तीन पानं केली, रेकॉर्डिंग टाकलं.

राणी बघत होती. "सर, हे तर आपुनच टाकलं."

"त्यांना इंटरनेटवर पाहिजे. आता आहे."

"मंग मावशीनं सांगितलं तवा खोटं, आन आपुन टाइप केलं की खरं?"

तिनं प्रत्येक पानावर सांगणारीचं नाव घालायला लावलं. मी घातलं.

परीक्षकांनी माझ्या मोबाईलवर लिंकांच्या तीन निळ्या ओळी पाहिल्या. एकही उघडली नाही. "आता कसं, व्यवस्थित झालं!"

राणी जिल्ह्याला गेली. पुढं शिक्षकांच्या ग्रुपवर इतिहासाच्या उपयुक्त ऑनलाइन साहित्याची यादी फिरली. तीत आमचा ब्लॉग होता. मी विचारलं, "यातलं रेकॉर्डिंग कुणी ऐकलं का?" उत्तरादाखल दोन अंगठे आले.

यातून मी एवढंच शिकलो, की तपासणाऱ्याला पुरावा नको असतो, पुराव्याचा रकाना भरलेला हवा असतो. वर्गात मात्र मी याच्या उलटं शिकवतो. त्याला मार्क नाहीत.