बारोलो मुरते, आम्ही तापतो

एखादी वाइन दहा-पंधरा वर्षं सांभाळायला घ्या. बाटल्या राहतील मोजक्याच, किस्से मात्र साठतच जातील. आमच्या किश्श्यांतले निम्मे खरं म्हणजे भांडणंच आहेत. लोक म्हणतात, वाइननं माणूस शांत होतो. मला अजून तसा एकही माणूस भेटलेला नाही!

आम्ही चौघं. मी मुलुंड ईस्टची, औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. सव्वीस वर्षं नमुने हुंगतेय आणि बॅचेस परत पाठवतेय. हर्षा माझ्याच लॅबमधली, गोराईची कोळीण. जिग्नेश घाटकोपरचा, आमच्या कंपनीत पर्चेसला. आणि नाहूरचा नंदन सावंत, माझा कॉलेजातला मित्र. तो बोटीवर इंजिनिअर आहे, आणि या सगळ्याचं मूळ तोच.

इटलीच्या उत्तरेला बारोलो नावाची रेड वाइन होते. तिथल्या एका टेकडीच्या एकाच उतारावर एका म्हाताऱ्याचा छोटासा मळा आहे. नंदन त्याच्याकडून दर खेपेला एक-दोन बाटल्या आणतो. प्रत्येक सालची बाटली वेगळी. मळा तोच, पण ज्या वर्षी ऊन जास्त त्या वर्षीची वाइन दांडगी, पाऊस जास्त झाला तर नाजूक. ताजी प्यायलात तर तोंड आवळून येतं, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं. दहा वर्षांनी तीच अशी काही उलगडते की बोलायची सोय नाही.

आणि हो, दारू बाळगायचं परमिट आमच्या सगळ्यांकडे आहे. तोही प्रश्न विचारून झालेला आहे, आमच्या सोसायटीत!

*

तर सोसायटीपासूनच सुरुवात करते. या बाटल्यांना वर्षभर तेरा डिग्री तापमान लागतं. मुंबईत तेरा डिग्री कुठून आणणार? म्हणून चौघांनी मिळून वाइनचा खास फ्रिज घेतला आणि माझ्या बेडरूममध्ये ठेवला. तो लिफ्टमधून वर आणताना सेक्रेटरी काकांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी दारात नोटीस! ‘सदनिकेचा वापर मद्याच्या गोदामासाठी होत असल्याचे निदर्शनास आले आहे.’

गोदाम! अकरा बाटल्यांचं!

मी परमिटची झेरॉक्स घेऊन कमिटीसमोर गेले. तासभर भांडले. काका म्हणाले, “प्रश्न कायद्याचा नाही, संस्कारांचा आहे.” मी घरी येऊन दार असं आपटलं की समोरच्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

दोन महिन्यांनी बेल वाजली. दारात काका, हातात दोन मोठ्या पिशव्या. त्यांच्या मुलीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

“जरा मदत हवी होती. चाळीस गजरे आहेत. आमच्या फ्रिजमध्ये ठेवले तर काळे पडतील. तुमच्याकडे म्हणे तेरा डिग्री असतं...”

मी म्हटलं, “काका, गोदामात गजरे? संस्कारांचं काय?”

*

दुसरा किस्सा घरातलाच आहे, आणि याच्यात मला धड चिडताही आलं नाही.

आमच्याकडची सगळ्यात जुनी बाटली सोळा वर्षांची होती. उघडायच्या आदल्या दिवशी मी ती फ्रिजमधून काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभी करून ठेवली, म्हणजे गाळ खाली बसतो. दुसऱ्या दिवशी रविवार. मी भाजी घेऊन घरी येते तर बाटली सिंकजवळ पालथी. रिकामी. घरभर असा काही वास, की मला आधी आनंदच झाला! गुलाब, सुकी चेरी, डांबर, चामडं, सगळं आमच्या मोरीतून दरवळत होतं.

“कोणी केलं हे?”

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “मी. सोळा वर्षांपूर्वीची तारीख होती त्याच्यावर. खाली गाळ पण बसलेला. ओतून टाकली. कुणाच्या पोटात गेली असती म्हणजे?”

त्यांनी बाटली खळखळून धुतलीसुद्धा होती, तेल ठेवायला.

“अहो आई, विचारायचं तरी!”

“विचारायचं काय त्यात? लग्न होऊन आलीस तेव्हापासून तूच ओरडतेस ना सगळ्यांवर, तारीख बघितल्याशिवाय काही तोंडात घालू नका म्हणून?”

नंदनला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “गो, तुझी सासू तुमच्या लॅबमध्ये कशी नाय लागली?”

*

नंदनचा स्वतःचा किस्सा एवढासाच. विमानतळावर सामान तपासणाऱ्या एका साहेबानं त्याच्या बॅगेतली बाटली बाहेर काढली. सगळे कागद बरोबर होते. साहेब लेबल पुन्हा पुन्हा वाचत होता. नंदनला वाटलं, आता काहीतरी काढणार हा.

साहेबानं वर पाहिलं आणि कळवळून विचारलं, “इतनी दूर गये, और पुरानी उठाके लाये?”

*

अंधेरीच्या त्या रेस्टॉरंटचं नाव मी घेणार नाही. पुन्हा पायरी चढणार नाही एवढं सांगते.

हर्षाचं प्रमोशन झालं होतं. मी, हर्षा आणि जिग्नेश जेवायला गेलो. मेनूत बारोलो दिसली. आपल्या मळ्याची नाही, दुसऱ्याच कुणाची, पण म्हटलं चला. ऑर्डर मी दिली. साल मी विचारलं. वेटर बाटली घेऊन आला, उघडली, आणि चाखायला पहिला घोट कुणाच्या ग्लासात ओतला? जिग्नेशच्या!

मी म्हटलं, “टेस्ट मी करणार आहे.” त्यानं नाइलाजानं माझ्या ग्लासात थेंबभर ओतली. नाक जवळ नेलं तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. बुचाला बुरशी लागली की हाच वास येतो, एकदा ओळखला की जन्मात विसरत नाही. हर्षानं हुंगलं आणि ग्लास लांब सरकवला.

“खराब आहे. बदलून आणा.”

मॅनेजर आला. हसला. असं हसला की माझं डोकंच फिरलं. “मॅम, रेड वाइन का टेस्ट ऐसा ही होता है. आप के लिए कुछ मीठा ला दूँ?”

मीठा! सव्वीस वर्षं या नाकानं टनावारी माल परत पाठवलाय मी! हर्षा खुर्चीतून अर्धी उठली होती. तेवढ्यात जिग्नेशनं ग्लास उचलला, गोल फिरवला, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाला, “खराब है.”

“सो सॉरी सर! अभी चेंज करता हूँ सर!” मॅनेजर बाटली घेऊन पळालाच.

मी जिग्नेशकडे पाहिलं. त्यानं खिशातून रुमाल काढला, जोरात नाक शिंकरलं आणि म्हणाला, “तीन दिवस झाले यार, मला साधा हिंगाचा पण वास येत नाही!”

*

मे महिन्यात आमच्या रस्त्यावर कुणीतरी खोदकाम केलं आणि केबल तोडली. सकाळी सातला वीज गेली. दुपारी एकपर्यंत फ्रिजमधलं तापमान तेरावरून बावीसवर. मी दर पंधरा मिनिटांनी तक्रारीचा नंबर फिरवत होते. पलीकडची बाई गोड आवाजात सांगायची, “मॅडम, आमच्या सिस्टिममध्ये तुमच्या विभागाचा वीजपुरवठा सुरळीत दिसतोय.”

“मग तुमची सिस्टिम इथे पाठवा, पंखा लावा म्हणावं तिला!”

शेवटी हर्षाला फोन केला. तिची आई बोरीवलीच्या बाजारात मासळी विकते. दोन तासांत हर्षा टेम्पोतून थर्माकोलची मोठी पेटी घेऊन हजर, काठोकाठ बर्फ भरलेली. नऊ बाटल्या आम्ही त्या बर्फात आडव्या घातल्या. वीज संध्याकाळी आली. बाटल्या वाचल्या, पण तीन बाटल्यांची लेबलं भिजून सुटली होती. त्यांतली कुठली कुठल्या सालची, कळायला मार्ग नाही. मी रडायच्या बेतात. हर्षानं घाईघाईत पेटी परत नेली.

दुसऱ्या दिवशी बाजारात एका गिऱ्हाइकानं पापलेट उचललं, तर त्याच्या पोटाला चिकटलेलं लेबल, सोनेरी अक्षरांचं, द्राक्षाच्या घडाचं.

“मावशी, हे इटलीचं पापलेट आहे का?”

हर्षाची आई म्हणाली, “तुला कुठचा पायजे?”

*

आणि आता तज्ज्ञसाहेबांचं सांगते. हे सांगताना अजूनही माझा आवाज चढतो, सांभाळून घ्या.

एका रविवारी सकाळी अकराला आम्ही माझ्या घरी मोठा बेत केला. एकाच मळ्याच्या सहा वेगवेगळ्या सालांच्या बाटल्या, शेजारी शेजारी. एवढं जमवायला आम्हाला कित्येक वर्षं लागली होती. पुन्हा योग येणार नाही म्हणून जिग्नेशनं ओळखीतून एका वाइनतज्ज्ञाला बोलावलं. गृहस्थ स्वतःचा ग्लास मखमली पेटीतून घेऊन आले. जोडे काढायला सांगितले तर कपाळाला आठ्या.

त्या दिवशी हर्षाची आई पण आली होती. मुलुंडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवून दोघी थेट माझ्याकडे आल्या. मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर चहा पीत बसल्या होत्या.

साहेब एकेक ग्लास चाखत होते आणि बोलत होते. बोलत होते म्हणजे काय, थांबतच नव्हते. चौथ्या ग्लासावर तर त्यांचे डोळे भरून आले. “अहाहा! या टेकडीचा आत्मा कुठे असेल तर तो या ग्लासात आहे!”

मी मावशींना म्हटलं, “या ना, तुम्ही पण वास घेऊन बघा.”

साहेब पटकन म्हणाले, “आजींना नको. मासळीच्या हातांचा वास ग्लासला लागतो. आणि जन्मभर तिखट मासे खाल्ले की नाकाची वाट लागलेली असते.”

हर्षाचा चेहरा लालबुंद झाला. “ओ साहेब, तोंड सांभाळून बोला! त्याच हातांनी मला एमएस्सी केलंय!” नंदननं तिचा हात धरला नसता तर ती मखमली पेटी खिडकीतून खालीच गेली असती. मी म्हटलं, “माफी मागा, नाहीतर निघा.” साहेब म्हणाले, आपण फक्त शास्त्र सांगतोय.

मावशी उठल्या. मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, पदराला पुसले. टेबलापाशी येऊन पहिला ग्लास नाकाशी नेला. मग दुसरा, तिसरा. थेंबही प्यायल्या नाहीत. सहाच्या सहा हुंगून झाल्यावर चौथ्यावर बोट ठेवलं.

“ही या घरची नाय. बाकीच्या पाच एका घरच्या.”

साहेब मोठ्यानं हसले. बाटली दाखवली, लेबल दाखवलं, बूच दाखवलं. मावशी म्हणाल्या, “कागद मी नाय वाचला. वास घेतला.” साहेबांनी ग्लास पुसून पेटीत ठेवला आणि जेवायला न थांबता निघून गेले. माफी मागितलीच नाही!

मला चैन पडेना. मी नंदनच्या मागे लागले, “तू त्या म्हाताऱ्याला विचार.” तो म्हणाला, “गो, काय विचारू? तुझा माल भेसळीचा काय म्हणून?” तरी त्यानं मेसेज केला, खरं तेच लिहिलं. आमच्याकडे एक मासळी विकणाऱ्या बाई आहेत, त्या असं असं म्हणतात.

चार दिवस उत्तर नाही. आम्हाला वाटलं, म्हातारा दुखावला, आता आपल्याला बाटली मिळत नाही.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. त्या वर्षी गारपीट झाली होती. मळा झोडपून निघाला. पिंपं भरेनात म्हणून शेजारच्या उतारावरची थोडी द्राक्षं मिसळावी लागली. आजवर कुणाच्याही लक्षात आलेलं नाही, मोठमोठ्या लोकांच्यासुद्धा. खाली एक ओळ होती: ‘किती मिसळली, ते त्या बाईंना सांगता येईल का?’

हर्षा आणि मी तशाच बोरीवलीच्या बाजारात गेलो. मावशी बोंबील साफ करत होत्या. हर्षानं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मान वर केली नाही.

“चार आने. जास्त नाय.”

नंदननं कळवलं: एक चतुर्थांश.

या वेळी उत्तर मिनिटभरात आलं. ‘माझ्या बायकोला मी एक दशांश सांगितलंय. कृपा करून या बाईंना कधीही इटलीला आणू नका.’